धिंगरीचा तयार संच: पिशवी चांगली, पत्रक अपुरं

ऑनलाइन मागवला की सांगली-साताऱ्यात कुरिअरने घरपोच येणारा धिंगरी अळिंबीचा (ऑयस्टर मशरूमचा) दोन किलोचा तयार संच, म्हणजे ज्याला सगळे 'मशरूम किट' म्हणतात तो, घ्यावा का? खोक्यात तीन वस्तू असतात: बुरशीने पांढरी धरलेली भुशाची पिशवी, फवाऱ्याची छोटी बाटली आणि एक पानी माहितीपत्रक. किंमत कुठून मागवता त्याप्रमाणे तीनशे ते पाचशे रुपये. निकाल आधीच सांगतो. पिशवी नीट निवडून घेतली तर चांगली निघते. बाटली बरी आहे. पत्रक मात्र कुठल्या तरी दमट, थंड हवेच्या गावासाठी लिहिलेलं आहे आणि ते जसंच्या तसं पाळलं तर मिरजेत किंवा विट्यात पहिल्या आठवड्यातच कोंब करपतात. त्यातही संच एकदाच घ्यावा, दुसऱ्यांदा बियाणं, म्हणजे बुरशी वाढवलेले धान्याचे दाणे, आणावं. का ते पुढे येईलच.

खोकं उघडल्याबरोबर पिशवी दोन्ही हातांत धरून दाबून बघा. बुरशी पूर्ण पसरलेली असेल तर पिशवी एकसंध लागते, आतला भुसा सुटा हलत नाही. सळसळ जाणवली तर बुरशी अजून अर्ध्यावर आहे. अशी पिशवी कापू नका, अंधाऱ्या जागी आणखी पाच-सहा दिवस ठेवा. रंग दुधासारखा पांढरा हवा. कोपऱ्यात पिवळसर तपकिरी पाणी साचलं असेल तर पिशवीला वाटेत ऊन लागलंय किंवा ती जुनी झालीय. थोडं असेल तर घाबरायचं कारण नाही, खालच्या कोपऱ्याला सुईने टोचून ते काढून टाकावं. हिरवा डाग वेगळा. तो ट्रायकोडर्मा, म्हणजे नको असलेली हिरवी बुरशी. रुपयाएवढा असेल आणि बाकी पिशवी घट्ट पांढरी असेल तर धिंगरी बहुतेक वेळा त्याला थोपवते. तळहाताएवढा असेल तर पिशवी न उघडता फोटो काढा आणि बदलून मागा, कारण उघडली की हिरवी पूड घरभर होते. शेवटी वास: चांगल्या पिशवीला ताज्या ओल्या पिठासारखा हलका वास येतो. आंबट, चुक्यासारखा वास म्हणजे आत पाणी जास्त राहून जिवाणू वाढलेत.

आता खोक्यावरच्या दाव्याबद्दल. 'सव्वा किलोपर्यंत उत्पादन' असं ठळक छापलेलं असतं. हिशोब करून बघू. दोन किलोच्या पिशवीत ६५ ते ७० टक्के पाणी असतं, म्हणजे कोरडा भुसा ६०० ते ७०० ग्रॅमच. धिंगरीचं उत्पादन कोरड्या भुशाच्या वजनावर मोजतात, आणि घरगुती परिस्थितीत तीन तोड्यांत मिळून ते ५० ते ७० टक्के येतं. म्हणजे तीनशे ते पाचशे ग्रॅम. अगदी उत्तम जमलं तर कोरड्या भुशाएवढी अळिंबी मिळेल, तरी सातशेच्या पुढे जाणं अवघड. सव्वा किलोचा आकडा वाचून घेणारा माणूस चारशे ग्रॅम निघाल्यावर 'आपल्याला जमलं नाही' म्हणून नाद सोडतो. खरं तर त्याला व्यवस्थित जमलेलं असतं. विक्रेत्यांनी हा आकडा काढायला हवा.

पत्रकात लिहिलंय: 'पिशवीला चीर द्या, सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा पाणी फवारा.' श्रावणात जावळीत किंवा पाटणला हे पुरतं. फेब्रुवारीनंतरच्या सांगलीत नाही, कारण दुपारी धुतलेलं कापड तासाभरात वाळतं अशी हवा असते. धिंगरीच्या कोंबांना ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. दोनदा फवारून ती टिकत नाही. पुन्हा पत्रकात ताज्या हवेबद्दल अवाक्षर नाही. मग लोक ओल टिकवायला पिशवी न्हाणीघरात कोंडतात आणि लांब देठांच्या, बटणाएवढ्या टोपीच्या अळिंब्या काढतात. धिंगरी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. तो साचला की देठ हवेच्या शोधात लांबत जातो आणि टोपी उमलत नाही. ओल आणि मोकळी हवा या दोन गोष्टी एकत्र कशा द्यायच्या, एवढंच खरं कसब आहे.

आपल्याकडच्या घरात त्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे माठाशेजारची. तिथे सावली असते, जमीन गार असते आणि येता-जाता लक्ष राहतं. दोन विटा ठेवा, मध्ये परातीत दोन इंच वाळू पसरून ती ओली करा, विटांवर पिशवी उभी करा. तीन बाजूंनी ओलं गोणपाट टांगा, चौथी बाजू उघडी. गोणपाट पिशवीला चिकटू नये, वीतभर अंतर हवं. फवारा गोणपाटावर आणि वाळूवर मारायचा, कोंबांवर थेट नाही. थंडीत दिवसातून दोनदा, मार्चमध्ये चार ते पाच वेळा. वाचता येईल इतका उजेड दिवसातले चार-पाच तास पुरतो, थेट ऊन नको. विटांभोवती हळदीची रेघ ओढली तर मुंग्या बऱ्याच अंशी थांबतात. उदबत्ती, डासांची कॉइल आणि फिनेलचा वास यांपासून पिशवी लांब ठेवा.

चीर कशी द्यायची हेही पत्रकात धड नाही. ब्लेड स्पिरिटने पुसून पिशवीच्या समोरच्या अंगाला दोन इंची फुली मारा, एक वर, एक खाली. दोनच. आठ-दहा चिरा दिल्या की सगळीकडून ओल उडते, कोंब भरपूर येतात पण एकही मोठा होत नाही. आपल्याकडे बरेच जण बेडमध्ये, म्हणजे घरी भरलेल्या काडाच्या पिशवीत, बुरशी पसरली की प्लास्टिक पूर्ण सोलून टाकतात. दमट शेडमध्ये ते योग्य आहे, घराच्या पडवीत नाही.

चीर दिल्यावर पाच ते आठ दिवसांत तिथे टाचणीच्या डोक्याएवढे करडे कोंब दिसतात. त्यानंतर वाढ डोळ्यांदेखत होते. सकाळी हरभऱ्याएवढा असलेला कोंब दुसऱ्या दिवशी बोराएवढा, तिसऱ्या दिवशी पसरट शिंपलीसारखा. टोपीची कड खाली वळलेली असते तोवरच तोडायची. कड सपाट होऊन वर उचलायला लागली की उशीर झाला: बीजाणू गळायला लागतात, खालच्या टोप्यांवर पांढरी पूड दिसते, अळिंबी चिवट होते. ही पूड श्वासात जाऊन काहींना खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो, म्हणून झोपायच्या खोलीत पिशवी ठेवू नये. तोडताना सुरी लावू नका. पूर्ण झुपका मुठीत धरून हलका पीळ द्या, मुळासकट निघतो. देठाचा तुकडा आत राहिला तर तो सडतो, आणि तिथेच चिलटं अंडी घालतात.

बिघाड बहुतेक याच टप्प्यावर होतात. कोंब पिवळे पडून सुकले तर हवा कोरडी आहे किंवा पंख्याचा झोत थेट लागतोय. कोंब ओलसर तपकिरी होऊन बुळबुळीत झाले तर उलटं, पाणी थेट त्यांच्यावर पडलंय आणि सुकायला वाव मिळाला नाही. हे पावसाळ्यात जास्त होतं. तेव्हा फवारा जवळपास बंदच ठेवून पिशवी वाऱ्याच्या बाजूला सरकवायची. टोपीला उभ्या चिरा पडल्या तर आर्द्रता सारखी वरखाली होतेय. पंधरा दिवस झाले तरी काहीच नाही आणि पिशवी पांढरी घट्ट आहे, तर ती रात्रभर घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवून बघा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की धिंगरीला कोंब धरायचा इशारा मिळतो. सांगलीत नोव्हेंबर ते जानेवारी हे काम रात्र आपोआप करते. एप्रिलमध्ये रात्रीही पुरेसा गारवा मिळत नाही, आणि तेव्हा संच फसला तर दोष तुमचा नसतो.

दुसऱ्या तोड्याबद्दल पत्रक 'पाणी फवारत राहा' इतकंच सांगतं. त्याने फारसं काही होत नाही, कारण पहिल्या तोड्याने पिशवीतलंच पाणी ओढून नेलेलं असतं. अळिंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते भुशातूनच येतं. त्यासाठी तोडणीनंतर जागा बोटाने खरवडून साफ करा, पिशवीला दोन दिवस विश्रांती द्या, मग स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत वर दगड ठेवून सहा ते आठ तास बुडवा. बाहेर काढून तासभर तिरकी करून निथळू द्या. आठ ते दहा दिवसांत दुसरा तोडा येतो, पहिल्यापेक्षा कमी. तिसरा हाताला लागेल तेवढा. चौथ्याची वाट बघत बसू नये, तोवर हिरवी बुरशी शिरतेच.

आता बियाण्याकडे. संचात ज्याचे पैसे जातात तो भाग म्हणजे दुसऱ्याने भिजवलेला, निर्जंतुक केलेला आणि पंधरा-वीस दिवस सांभाळलेला भुसा. ते काम घरी होण्यासारखं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, तिथलं बियाणं आजवर भरवशाचं ठरलंय. आधी फोन करून तारीख विचारा, कारण बियाणं मागणीप्रमाणे तयार होतं. जवळ म्हणाल तर बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. खाजगी बियाणं घेताना पिशवीवर तयार केल्याची तारीख असल्याशिवाय घेऊ नका. गव्हाचे किंवा ज्वारीचे दाणे पांढऱ्या जाळ्यात एकमेकांना चिकटलेले हवेत. सुटे, ओशट किंवा काळपट दाणे असतील तर परत करा. शीतकपाटात खालच्या कप्प्यात महिनाभर टिकतं. याला अपवाद गुलाबी धिंगरी आणि दुधी अळिंबी: या उष्ण हवेच्या जाती, गारव्याने त्यांचं बियाणं मरतं.

प्रमाण असं: तीन किलो कोरडा भुसा भिजून नऊ ते दहा किलो होतो, त्याचे पाच-पाच किलोचे दोन बेड. बियाण्याचं पुस्तकी प्रमाण ओल्या भुशाच्या दोन टक्के, पण पहिल्यांदा करणाऱ्याने चार टक्के घालावं, म्हणजे बेडला २०० ग्रॅम. बुरशी लवकर पसरते आणि हिरव्या बुरशीला जागा उरत नाही. बियाण्याचा दर किलोला शंभर-सव्वाशेच्या घरात धरला तर दोन बेडचं बियाणं चाळीस-पन्नास रुपयांत होतं, आणि दीड ते दोन किलो अळिंबी निघते. संचाशी तुलना करायची ती इथे.

भुसा कुठला घ्यावा? शिराळा, पाटण, जावळी या बाजूला भाताचा पेंढा सहज मिळतो आणि धिंगरीला तो सगळ्यात मानवतो. सांगलीकडे गव्हाचं काड बरं. सोयाबीनच्या भुस्कटावर उत्पादन चढं येतं, कारण त्यात नत्र जास्त, पण त्याच नत्रामुळे ते लवकर तापतं आणि कुजतं, म्हणून बेड लहान बांधा. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून मोह होतो. त्यावर मेणचट थर असतो, पाणी शिरत नाही. बारीक करून दीड दिवस भिजवा आणि गव्हाच्या काडात निम्म्याने मिसळा. द्राक्षबागेची छाटणी मात्र वापरूच नका. तासगाव-कवठेमहांकाळच्या बागांवर हंगामभर बुरशीनाशकं पडतात, आणि आपण इथे बुरशीच वाढवतोय, तीही खायला. काडाला पावसाचं पाणी लागलेलं नसावं. काळपट, वास येणारं काड स्वस्त मिळालं तरी नको.

काड बोटाच्या दोन पेरांएवढं कापून रात्रभर गार पाण्यात भिजवा. सकाळी गोणीत भरून ८० अंशांच्या पाण्यात एक तास बुडवा. थर्मामीटर नसेल तर तळातून बारीक बुडबुडे सुटतात पण उकळी फुटलेली नाही, ती वेळ. काड टाकल्यावर पाणी लगेच निवतं, म्हणून जाळ चालू ठेवून पुन्हा तेवढं तापू द्या आणि तास तिथून मोजा. हीच चूक सर्रास होते, आणि आठवड्याने बेडमध्ये शाईसारख्या काळ्या पडणाऱ्या रानटी छत्र्या उगवतात. मग गोणी उतरणीवर निथळा. मूठभर काड जोरात पिळलं तर थेंब पडू नये, तळवा मात्र ओला व्हावा. हातात घेऊन कोमट लागत असेल तर बियाणं घालू नका, पूर्ण निवलं पाहिजे. स्वच्छ हातांनी १८ बाय २४ इंची पिशवीत चार बोटं काड, कडेने बियाणं, पुन्हा काड, असे पाच थर दाबून भरा. तोंड सुतळीने बांधा, सुईने २०-२५ भोकं पाडा, अंधाऱ्या हवेशीर जागी पंधरा ते वीस दिवस टांगा.

बाविस्टिन (बुरशीनाशक) आणि फॉर्मेलिन (जंतुनाशक रसायन) यांत काड भिजवायची पद्धत शेडवाले वापरतात. घरात ती आणू नका, फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे. सरपण वाचवायचं असेल तर चुन्याची निवळी बघा: लिटरला दोन ग्रॅम विरी गेलेला ताजा चुना, त्यात काड १६ ते १८ तास पूर्ण बुडालेलं. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला जुना चुना हवा लागून निकामी होतो, त्याने काही साधत नाही. हातमोजे घाला, डोळे सांभाळा.

संचातली तीन तोड्यांनंतरची पिशवी पत्रकाच्या मते 'कचऱ्यात टाका'. हे आम्हाला सगळ्यात खटकलं. धिंगरीने काडातला लिग्निन फोडलेला असतो, म्हणजे जो भाग एरवी कुजायला महिने घेतो तोच मऊ झालेला असतो. परसबाग असलेल्या घराला हे आयतं खाद्य आहे. पंधरा दिवस सावलीत ओलं ठेवून गांडुळांच्या खड्ड्यात टाका. किंवा केळीच्या आळ्यात पाचटाखाली चार बोटं पसरा, ओल धरून ठेवतं आणि तण दाबतं. श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराच्या, म्हणजे घरच्या घरी प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाच्या, वाटेने अमृतमाती (पालापाचोळा कुजवून केलेली सुपीक माती) करणाऱ्यांनी वाळल्या पाल्यात हे काड मिसळावं: एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी, तीन दिवस ढवळून दहापट पाण्यात पातळ करायचं आणि त्यात पाला-काड दिवसभर भिजवायचं. रसायनात भिजवलेल्या बेडचं काड मात्र अमृतमातीत घालू नये. पर्माकल्चरच्या (निसर्गाच्या धर्तीवरच्या शेतीच्या) भाषेत एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचा चारा, आणि इथे तो अक्षरशः तसा आहे. एक सावधगिरी: आळ्यात पावसाळ्यात अळिंब्या उगवल्या तर त्या धिंगरीच आहेत असं धरून खाऊ नका. बेडवरची तेवढीच खायची.

खोक्यातलं थर्माकोल आणि एकदाच वापरायची पिशवी ही संचाची आणखी एक लंगडी बाजू. बियाण्याकडे वळलात की यावरही उपाय आहे. खाद्यतेलाची २० लिटरची झाकणाची बादली घ्या, भिंतीच्या रंगाची नको. तिला वीतभर अंतरावर करंगळी जाईल एवढी भोकं पाडा, तळाला दोन-तीन निचऱ्यासाठी. बुरशी पसरेपर्यंत बाजूची भोकं कागदी चिकटपट्टीने झाका, मग काढा. अळिंबी त्याच भोकांतून येते. बादली वर्षानुवर्षं टिकते, दर वेळी गरम पाण्याने धुतली की झालं.

अळिंबी फार धुऊ नका, पाणी पिते. हाताने उभी फाडून मोठ्या आचेवर आधी तिचंच पाणी आटवा, मग तेल आणि कांदा-लसूण मसाला. कच्ची खायची नाही. जास्त निघाली तर जाळीवर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, दहा किलोची एक किलो होते, बरणीत सहा महिने राहते.

संच मागवायचाच असेल तर द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी संपते त्या सुमारापासून फेब्रुवारीपर्यंत मागवा. मार्चच्या मध्यापासून वळीव पडेपर्यंत नको, कुरिअरच्या बंद गाडीत पिशवी तापते. जतला किंवा आटपाडीला राहत असाल तर फेब्रुवारीतही घाई करा, आणि उन्हाळ्यात हौस असेल तर दुधी अळिंबीचं बियाणं बघा, ती ३० ते ३५ अंशांत येते, फक्त तिला वरून मातीचा थर लागतो. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: बियाणं कोणत्या तारखेला भरलं, आणि जात कोणती. दोन्ही उत्तरं मिळाली तर सोमवारी मागणी नोंदवा, म्हणजे पिशवी शनिवार-रविवार गोदामात पडून राहत नाही.